मोरचूद की काळा मासा?

'रसायन की निसर्ग?' असं विचारलं की आपलं मन आधीच निसर्गाकडे झुकलेलं असतं. आज जरा उलट जाणारी गोष्ट सांगतो. ती अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या मत्स्यतळ्यांची आहे.

तिथे कॅटफिश पाळतात. आपल्या शिंगाळ्यासारखा मिशांचा मासा. 1990च्या दशकाअखेरीस तळ्यांतली पिल्लं मरू लागली. कारण होतं एक चपटा कृमी. 2002 साली त्याला 'बोल्बोफोरस डॅम्निफिकस' हे नाव मिळालं. त्याचा फेरा बघा. मोठा कृमी पेलिकन पक्ष्याच्या आतड्यात. विष्ठेतून अंडी पाण्यात, अळ्या गोगलगाईत, तिथून माशात, आणि तो मासा पुन्हा पेलिकनच्या चोचीत. साखळी तोडायची कुठे? पेलिकनला 1918च्या कायद्याचं संरक्षण. मासा तर वाचवायचाच आहे. उरली गोगलगाय.

मग तळ्याच्या काठाकाठाने मोरचूद किंवा भिजवलेला चुना टाकू लागले, कारण गोगलगाई उथळ पाण्यात, गवताशी राहतात. पण मोरचुदाचं गणित नाजूक. पाण्याची अल्कता कमी असेल तर मासेही दगावतात. जास्त असेल तर तांबं तळाशी बसतं आणि गोगलगाई जगतात. शिवाय शेवाळ मेलं की कुजताना प्राणवायू खातं.

साहजिकच काही शेतकऱ्यांना काळा कार्प हवासा वाटला. हा आशियातला मासा घशातल्या दातांनी शंख फोडतो. ना मोजमाप, ना विष! पण 1994 साली मिसूरी राज्यात पुराच्या वेळी असे काही मासे तळ्यातून निसटले होते. 2003 साली इलिनॉयमध्ये एक उघड्या पाण्यात सापडला. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे 300 जाती. त्यांतल्या कित्येक नामशेष होण्याच्या वाटेवर. तळ्यातली गोगलगाय आणि नदीतला शिंपला, हा भेद कार्पला कोण शिकवणार? वांझ मासेच सोडू, असा तोडगाही पुढे आला. अखेर 2007 साली अमेरिकी सरकारने काळ्या कार्पला अपायकारक प्राण्यांच्या यादीत घातलं.

मी मोरचुदाची वकिली करत नाही. तांबं गाळात साठतं. पण त्याला पिल्लं होत नाहीत, आणि मात्रा उद्यापासून थांबवता येते. म्हणून उपाय 'नैसर्गिक' आहे का, याच्या आधी विचारावं: चुकलो तर मागे फिरता येईल का? शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. पण नदी त्याच्या एकट्याची नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.