नाममुद्रेबाहेरचे साजिंदे

पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात चौफुला लागतो. उत्तरेला न्हावऱ्यावरून शिरूर, दक्षिणेला सुपं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव इथून जवळच, आणि या फाट्याची ओळख मात्र लावणीची कलाकेंद्रं! इथं चालते ती संगीतबारी. फडाचा तमाशा तंबू घेऊन जत्रेमागे जातो; बारी एका जागी थांबते आणि रसिक तिच्याकडे येतात. पार्टीची मालकीण बहुधा बाई, तीच गाणारी किंवा नाचणारी. तिच्या मागे पेटी, तबला आणि ढोलकी घेऊन बसलेल्या माणसांकडे बघायला सहसा कुणी येत नाही.

फडात साज वेगळा. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी आधी रंगते, गण-गौळण त्यानंतर. मागे उभे राहणारे झीलकरी तुणतुणं आणि झांज वाजवत 'जी जी रं जी' म्हणून सूर उचलून धरतात. तुणतुणं म्हणजे पोकळ लाकडी नळकांडं, तळाला चामडं, बाजूला ठोकलेली काठी, आणि चामड्यातून काठीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. वाद्य खांद्याशी धरून ती रात्रभर छेडायची. ऐकायला सोपं वाटतं, पण गाणारी पट्टीतून ढळली की तिला जागेवर आणणारी हीच तार. ढोलकीचं एक तोंड शाईचं, टणक आवाजाचं; दुसरं धुमाचं, आतून मसाला लावलेलं. दोन्ही मनासारखी बोलेपर्यंत जाणता ढोलकीवाला तोडा सुरू करत नाही.

हे कसब पोथीत नव्हतं. बाप, मामा किंवा फडातला वस्ताद यांच्याशेजारी बसून ते हातात यायचं.

लावणीच्या इतिहासात कवी टिकले, कारण शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव, म्हणजेच नाममुद्रा, गुंफून ठेवत. रामजोशी तसेच टिकले, पठ्ठे बापूरावही. होनाजी रचायचा आणि बाळा करंजकर गायचा. या जोडीत गाणाऱ्याचं नावही कवीला चिकटून राहिलं, व्ही. शांतारामांनी 1951 मध्ये 'अमर भूपाळी' काढला तो त्यांच्यावरच. वाजवणाऱ्याला मात्र कडव्यात जागा नव्हती. विठाबाई नारायणगावकर घरोघरी ठाऊक. त्यांच्या मागे ढोलकी कोणाची होती, हे किती जणांना सांगता येईल?

अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगरांत फिडल आणि बॅंजोचं जुनं संगीत असंच घराघरात शिकलं जाई. (तो बॅंजो आफ्रिकी गुलामांच्या वाद्यांतून आलेला, आपल्या मिरवणुकीतला बेंजो जपानी तैशोगोतोच्या कुळातला.) नॉर्थ कॅरोलिनातले टॉमी जॅरेल नोकरीत रस्तेदुरुस्तीचं यंत्र चालवत. निवृत्तीनंतर तरुण मुलं त्यांच्या दारात शिकायला आणि ध्वनिमुद्रण करायला येऊ लागली. 1982 मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. ते नुसते वादक म्हणून नावाजले गेले, ही आपल्याकडे दुर्मीळ असलेली गोष्ट.

शिरूर तालुक्यात कवठे येमाई आहे, तमासगीर गंगारामबुवा कवठेकरांचं गाव. याच गावच्या बशीर मोमीन कवठेकरांनी दत्ता महाडिक, रघुवीर खेडकर यांच्यासारख्यांच्या फडांसाठी लावण्या आणि वग लिहिले. राज्य शासनाने विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला. 2021 मध्ये ते गेले. मुसलमान घरातल्या माणसाने गण-गौळण लिहावी, याचं या पट्ट्यात कुणाला नवल वाटलं नाही. पण इथंही नाव राहिलं ते लिहिणाऱ्याचं.

आता फडाच्या रंगमंचावर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. तुणतुण्याची गरज त्यांनी संपवत आणली. ढोलकीला हटवणं त्यांना जमलेलं नाही, कारण लावणीतल्या पावलाला उत्तर देणारा हात माणसाचाच लागतो. हल्ली बैठकीचं चित्रण मोबाइलवर होतं आणि लाखो लोक ते बघतात. खाली नाचणारीचं नाव असतं, क्वचित कवीचंही. तुम्ही असं काही टाकणार असाल, तर ढोलकी, पेटी आणि तबला कुणाचा होता तेवढं विचारून घ्या, आणि त्यांची हरकत नसेल तर लिहा.