प्लेग, अफवा आणि छापलेली बातमी

तर, १८९६. मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि मागोमाग अफवा निघाल्या: इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे मारूनच टाकतात. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. याला नुसतं अडाणीपण म्हणून भागत नाही. रोगी बळजबरीने नेले जात होते, आणि तिथे बरेचसे खरंच दगावत होते.

पुण्यात सोजिरांच्या घरझडतीवर ‘केसरी’ने कोरडे ओढले. पण रोग्याला वेगळं ठेवूच नका, असं टिळक म्हणाले नाहीत. उलट हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ काढण्यात ते स्वतः होते. हे आपण हमखास विसरतो.

गोखल्यांची गोष्ट याहून अवघड. १८९७ साली ते इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर, सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं त्यांनी सांगितलं. ‘मँचेस्टर गार्डियन’ने ते छापलं. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. (तसल्या दिवसांत कोण येणार, सांगा!) गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मात्र त्यांनी उघड केली नाहीत.