‘रिमार्क’ : आधीं डोळा, मग जीभ

मराठी सुशिक्षित घरांत जे इंग्रजी शब्द कायमचे वस्तीला आले, त्यांत ‘रिमार्क’ हा एक होय. मुलाच्या प्रगतिपुस्तकांतील शेऱ्याला पुष्कळ ठिकाणीं ‘रिमार्क’ म्हणतात. आणि कोणीं कोणाच्या पोशाखाविषयीं तिरकस उद्गार काढले, तर ‘त्यानें रिमार्क मारला’ असेंही म्हणतात. दोन्ही ठिकाणीं हा शब्द जिभेचा किंवा लेखणीचा आहे. परंतु त्याचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, तो मुळांत डोळ्याचा शब्द आहे. जिभेकडे तो मागाहून गेला.

त्याच्या पोटीं ‘मार्क’ हा शब्द आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ शीव किंवा सीमा असा होता. डेन्मार्क या देशनामाच्या शेवटीं तोच शब्द बसलेला आहे. शीव दाखवावयाची ती खुणेनें. म्हणून सीमेवरून खूण हा अर्थ आला. याच कुळांतील एका फ्रेंच क्रियापदाला आरंभीं ‘रि’ हा उपसर्ग लागला आणि नीट खूण करणें, बारकाईनें ध्यानांत घेणें, असा त्याचा अर्थ झाला. तें क्रियापद सतराव्या शतकांत इंग्रजींत उतरलें.

त्या काळीं त्याचा अर्थ खुणेनें वेगळें ओळखूं येणें असाही होता. मिल्टनच्या १६७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या सॅमसनविषयक नाट्यकाव्यांत एक अंमलदार बंदिवान सॅमसनला शोधीत येतो. त्याला तो ओळखूं येतो तो हातांतील बेड्यांमुळें. आणि बेड्यांच्या या कामाला कवीनें ‘रिमार्क’ हेंच क्रियापद लाविलें आहे. बेड्या कांहीं बोलत नाहींत. त्या केवळ खूण पटवितात. त्याच सुमारास ‘लक्षांत घेणें’ हा अर्थ रूढ झाला, आणि शतक संपतां संपतां ‘लक्षांत आलेलें बोलून दाखविणें’ हा तिसरा अर्थ त्याला येऊन मिळाला. १७५५ सालच्या आपल्या कोशांत डॉ. जॉन्सननें या क्रियापदाचा पहिला अर्थ दिला आहे तो टिपून घेण्याचा, अवलोकन करण्याचा.

मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटूं नये. संस्कृतांतील ‘लक्ष्’ धातूपासून आलेले लक्ष, लक्षण, लक्षणीय हे शब्द याच वाटेवरचे आहेत. लक्षण म्हणजे खूण. लक्ष देणें म्हणजे ती पाहणें. आणि लक्षणीय म्हणजे पाहण्याजोगें. इंग्रजी ‘रिमार्केबल’चा अर्थ नेमका हाच. भेद एवढाच कीं, आपले हे शब्द पाहण्यापाशींच थांबले. इंग्रजी शब्द पाहून पुढें बोलूंही लागला.

‘ऑब्झर्व्ह’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. मूळ लॅटिनमध्यें राखणें आणि पाळत ठेवणें हे त्याचे अर्थ. इंग्रजींत तो चौदाव्या शतकांत आला तो नियम पाळणें या अर्थानें. पुढें त्याला निरीक्षण करणें आणि निरीक्षिलेलें सांगणें हेही अर्थ आले. म्हणून व्रतनियमांचें पालन तें ‘ऑब्झर्व्हन्स’, आणि निरीक्षण किंवा त्यावरून केलेलें विधान तें ‘ऑब्झर्व्हेशन’.

हे दोन्ही शब्द एकाच ठिकाणीं पाहावयाचे, तर कॉनन डॉइलची ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ ही १८९१ सालची कथा उघडावी. लग्न होऊन वेगळा राहूं लागलेला वॉट्सन भेटीला येतो, तेव्हां तुझें वजन साडेसात पौंडांनीं वाढलेलें दिसतें, असें होम्स त्याला ऐकवितो. त्या बोलण्याला लेखकानें ‘रिमार्क’ म्हटलें आहे, आणि तें यथार्थ आहे. कारण त्यामागें पाहणें आहे. थोड्याच वेळानें होम्स त्याला विचारतो कीं, आपल्या जिन्याला पायऱ्या किती? शेंकडों वेळां तो जिना चढूनही वॉट्सनला तें सांगतां येत नाहीं. होम्स सांगतो, सतरा. दिसणें निराळें आणि ‘ऑब्झर्व्ह’ करणें निराळें, हा त्या प्रसंगाचा बोध.

यावरून शुद्ध प्रयोगाचा नियम आपोआप हातीं येतो. ‘मी उद्यां येईन असें तो म्हणाला’ या वाक्यांत ‘रिमार्क’ शोभत नाहीं; तेथें साधें ‘से’ हेंच क्रियापद योग्य. ‘यंदा आंब्याला मोहोर फार आला आहे, असें तो म्हणाला’, येथें मात्र ‘रिमार्क’ चपखल बसतो. ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचें तिच्यामागें ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ घालावें, आणि ज्या माणसाला उद्देशून बोलावयाचें त्याच्यामागें ‘टु’. ‘ही रिमार्क्ड मी’ हें वाक्य विद्यार्थी ‘तो मला म्हणाला’ या अर्थानें लिहितात. परंतु त्याचा अर्थ, झालाच तर, ‘माझ्याकडे त्याचें लक्ष गेलें’ असा होईल, आणि तो प्रयोगही आतां जुना झाला आहे.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. चाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर एकाच बैठकींत ‘अभ्यास सुधारावा’ असें लिहून टाकणारा शिक्षक शेरा देतो खरा. पण त्यानें त्या चाळिसांपैकीं किती मुलांकडे पाहिलेलें असतें? मूल तो शेरा घरीं नेतें, वडील तो वाचतात, आणि त्या दोन शब्दांवर घरांत त्याची किंमत ठरते. मागच्या बाकावरचा मुलगा फळ्यावरचें अक्षर दिसत नाहीं म्हणून चुकतो, हें ज्यानें टिपलें, त्यानें लिहिलेली एक ओळ मात्र मुलाला पुढच्या बाकावर आणून बसविते. शब्दाच्या इतिहासाप्रमाणें ‘रिमार्क’ हें नांव त्या एका ओळीलाच शोभतें.