पैठणीचे वय



लग्नसराईच्या दिवसांत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून कोणी हिंडले तर त्यास वाटावे की, पेशवाई बुडालीच नाही. नथ पेशवाई, काठ पेशवाई, नऊवारीही पेशवाई! २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट आला, आणि तेव्हापासून तर काशीबाई व मस्तानी यांच्या नावांनीही साड्या-दागिने विकले जाऊ लागले. जुन्या धाटणीची वस्तू नवी करकरीत विकत घेण्याची ही हौस वाईट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, जी वस्तू आपण जुनी म्हणून पदरात पाडून घेतो, तिच्यात जुने असे नेमके काय आहे, हे गिऱ्हाइकाने विचारले पाहिजे. दाम तेच मोजते.

आता पैठणीचेच घ्या. ही दोन हजार वर्षांची परंपरा, असे आपल्याला सांगण्यात येते, आणि त्यासाठी ग्रीकांचा दाखला देतात. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी होती, हे खरेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या ग्रंथात पैठणचे नावही आले आहे. पण तो ग्रंथ उघडून पाहिला म्हणजे मौज दिसते. पैठणहून गाड्या भरभरून भडोच बंदराकडे जातो तो अकीकाच्या जातीचा दगड! कापड जाते ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरहून. आणि तेही साधे कापड व मलमल. रेशमी, जरतारी वस्त्राचे त्या ठिकाणी नाव नाही. पैठणात त्या काळी माग नव्हते असे यावरून ठरत नाही. परंतु आपण नेसतो ती पैठणी काही या साक्षीने उभी राहत नाही.

खात्रीचा धागा हाती लागतो तो पुष्कळ अलीकडे. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या वस्त्रांची मागणी आढळते. पण त्याच मागांचे दुसरे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हैदराबादचे निजाम, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पैठण तर १९४८ सालापर्यंत निजामाच्याच राज्यात होते. निजामाच्या धाकट्या मुलाशी १९३१ साली विवाह झालेली, तुर्कस्तानच्या उस्मानी राजघराण्यातील निलोफर हिने पैठणच्या विणकरांकडून काठापदरावर नवी नक्षी घडवून घेतली, असे सांगतात. तेव्हा पेशवाई म्हणून आपण ज्या वेलबुट्टीवरून कौतुकाने हात फिरवतो, ती पेशव्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरून आलेली असणे अगदीच अशक्य नाही! मला यात कमीपणा काही वाटत नाही. माग हा दरबारी इतिहासकार नव्हे. जो दाम देईल त्याच्या आवडीचे फूल तो विणतो.

पुढे राजाश्रय आटला, विलायती कापड आले, आणि ही कला क्षीण झाली. ती तगली ती मुख्यत्वे नाशिक जिल्ह्यातील येवल्यात. तात्या टोप्यांचे जन्मगाव, आणि १९३५ साली डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ते हेच येवले. आज बाजारात येणाऱ्या पैठण्यांचा मोठा भाग पैठणचा नसून येवल्याचा असतो. २०१० साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी झाली तीही दोन्ही गावांच्या नावे.

मग पैठणीत जुने ते काय? माझ्या मते जुनी आहे ती विणण्याची रीत. पदरावरच्या मोराच्या मानेचा निळा रंग जेथे संपतो, तेथे त्या रंगाचा बाणा परत फिरतो, आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून पुढचा रंग सुरू होतो. प्रत्येक रंगाची बारीकशी कांडी वेगळी, आणि ती हाताने फिरवावयाची. यामुळे पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. साध्या पैठणीस काही आठवडे लागतात. पदर भरगच्च असेल तर महिनेच्या महिने जातात. यंत्रमागावर निघणाऱ्या, बाजारात 'सेमी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साडीत मोर समोरून तोच असतो. पाठीमागे मात्र लोंबते किंवा कातरलेले धागे असतात. ती स्वस्त असते, आणि स्वस्त म्हणून कोणी घेतली तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते तीच साडी हातमागाची म्हणून विकणे. कारण त्या एका खोट्या शब्दाने विणकराची महिन्यांची मेहनत पळवली जाते.

आणि खऱ्या जुन्या पैठण्यांचे काय झाले? त्यांच्यातील जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. लुगडे विरले की ते जर घेणाऱ्याकडे जाई. तो ते जाळून राखेतून चांदी काढून घेई. ज्या पदरांच्या नकलांसाठी आज आपण दुकाने पालथी घालतो, ते मूळ पदर आपल्याच आज्यापणज्यांच्या घरांतून असे भट्टीत गेले. आजच्या जरीत पुष्कळदा तांबे असते, नाहीतर प्लास्टिक. ती जाळण्याच्या लायकीचीही नाही!

नथीची गोष्ट थोडक्यात सांगतो. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर आणि भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे या दोघांनीही १९३८च्या सुमारास नाकातल्या दागिन्याचा शोध घेतला. प्राचीन संस्कृत वाङ्मयात आणि जुन्या शिल्पांत तो आढळत नाही. अजिंठ्याच्या चित्रांतील सुंदरी दागिन्यांनी मढलेल्या आहेत, पण नाके मोकळी! गुळेदगुड्डचा खण खरोखर जुना. पण तो चोळीचा, त्रिकोणी घडी घालून ओटीत घालावयाचा. खणाची अख्खी साडी ही आपल्या काळाची कल्पना. मला ती आवडते. पण ती आजीची नव्हे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. 'सिल्क मार्क'चा शिक्का २००४ पासूनचा आणि 'हँडलूम मार्क'चा २००६ पासूनचा. पहिला फक्त रेशीम अस्सल असल्याचे सांगतो, ते हाताने विणले की यंत्राने, हे सांगत नाही. दुकानदार पहिलाच शिक्का दाखवून थांबला, तर गादीवर बसल्या बसल्या पदर उलटा करून बघावा.