सेवानिवृत्तीचे वय

सेवानिवृत्तीचे वय (सरकारी परिभाषेत 'नियत वयोमान') म्हणजे ज्या वयाला पोहोचल्यावर कर्मचाऱ्याची नोकरी संपते, असे सेवानियमांनी, कायद्याने किंवा कराराने ठरवून दिलेले वय होय. भारतात सर्वांना लागू पडणारे असे एकच वय नाही. केंद्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते ६० वर्षे, महाराष्ट्र शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांसाठी ५८ वर्षे, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी ६२ वर्षे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी ६५ वर्षे आहे. आमदार, खासदार व मंत्री यांना वयाची वरची मर्यादा नाही. मोरारजी देसाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. शेतकरी, शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार अशा असंघटित क्षेत्रातील लोकांना निवृत्तीचे वयच नसते.

वृद्धांनी काम करीत राहावे की थांबावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील सार्वजनिक चर्चेत बहुधा '५८ की ६०' एवढ्यापुरता उरतो. प्रत्यक्षात तो दोन वेगळ्या समूहांचा प्रश्न आहे. एका समूहाला हातपाय चालत असताना थांबावे लागते. दुसऱ्या, कितीतरी मोठ्या समूहाला थांबावेसे वाटूनही थांबता येत नाही.

पूर्वपीठिका

कामातून क्रमाने बाजूला होण्याची कल्पना भारतीय परंपरेत जुनी आहे. आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला आहे. मात्र मनुस्मृतीत त्यासाठी वर्षांचा आकडा दिलेला नाही. सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवाचे तोंड पाहणे ही लक्षणे दिली आहेत. ठरलेल्या तारखेला सर्वांनी एकाच वयात काम सोडावे, ही कल्पना आधुनिक नोकरशाही आणि कारखानदारी यांच्याबरोबर आली.

वृद्धापकाळाच्या विम्याचा पहिला राष्ट्रव्यापी कायदा जर्मनीत १८८९ मध्ये बिस्मार्कच्या काळात झाला. त्यात वयाची अट ७० वर्षे होती व ती १९१६ मध्ये ६५ वर आणली गेली. बिस्मार्कने स्वतःच्या वयावरून ६५ हा आकडा निवडला, असे अनेकदा सांगितले जाते. ते चूक आहे, कारण कायदा झाला तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने ७० वर्षांवरील गरजूंना निवृत्तिवेतन सुरू केले.

ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी नोकर ५५ व्या वर्षी निवृत्त होत. निवृत्त अधिकारी आणि शिक्षक मोठ्या संख्येने स्थायिक होत असल्याने पुण्याला 'पेन्शनरांचे शहर' हे बिरूद याच काळातील नोकरशाहीमुळे मिळाले. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने हे वय १ डिसेंबर १९६२ पासून ५८ आणि पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर मे १९९८ मध्ये ६० केले. त्यानंतर अनेक राज्यांनी केंद्राचे अनुकरण केले. महाराष्ट्राने आपल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांसाठी ते केले नाही.

महाराष्ट्रातील नियम आणि ३१ मे

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १० नुसार राज्य शासकीय कर्मचारी ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवानिवृत्त होतो. गट 'ड' (पूर्वीची चतुर्थ श्रेणी) कर्मचाऱ्यांसाठी हे वय ६० आहे. म्हणजे एकाच कार्यालयातील शिपाई त्याच्या साहेबापेक्षा दोन वर्षे अधिक नोकरी करतो. नियत वयोमानाखेरीज स्वेच्छा सेवानिवृत्ती, अकार्यक्षमता किंवा संशयास्पद सचोटी यांमुळे शासनाने लोकहितार्थ मुदतीपूर्वी दिलेली निवृत्ती आणि आजारपणामुळे मिळणारे रुग्णता निवृत्तिवेतन असे अन्य प्रकार नियमांत आहेत.

ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. या बारीकशा तरतुदीचा महाराष्ट्रात मोठा परिणाम दिसतो. पूर्वी ग्रामीण भागात जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख लिहीत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि प्रवेशासाठीचे वय त्यामुळे बरोबर जुळे. त्या पिढीतील हजारो कर्मचाऱ्यांची कागदोपत्री जन्मतारीख म्हणूनच १ जून आहे आणि राज्यातील कार्यालयांत ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रांग लागते. यांपैकी कित्येकांचे खरे वय कागदावरील वयापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी कमी किंवा जास्त असते. ५८ आणि ६० या आकड्यांवर हिरिरीने वाद होतो, पण ज्यांना ते लागू व्हायचे त्यांचे वय अनेकदा गुरुजींच्या अंदाजावर उभे असते. सेवापुस्तकातील जन्मतारीख दुरुस्त करण्यासाठी नोकरीच्या सुरुवातीची मुदत घालून दिलेली आहे. निवृत्ती जवळ आल्यावर केलेले अर्ज न्यायालये सहसा मान्य करीत नाहीत.

५८ की ६०

राज्यातील अधिकारी व कर्मचारी संघटनांची वय ६० करण्याची मागणी जुनी आहे. केंद्राशी समानता, वाढलेले आयुर्मान आणि अनुभवाचा उपयोग ही तिची मुख्य कारणे सांगितली जातात. आणखी एक कारण बोलण्यात कमी येते, पण घरोघरी ते ठाऊक असते. उशिरा लग्ने आणि लांबलेली शिक्षणे यांमुळे ५८ व्या वर्षी अनेकांची मुले अद्याप कमावती झालेली नसतात आणि घराच्या कर्जाचे हप्तेही चालू असतात. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद होऊन अंशदायी योजना लागू झाल्याने सेवेची दोन वर्षे म्हणजे अंशदानाची दोन वर्षे, असाही हिशेब आला. जुन्या योजनेसाठी १४ मार्च २०२३ पासून राज्य कर्मचाऱ्यांनी केलेला संप आठवडाभर चालला.

मागणीला विरोध करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा बेरोजगार तरुणांचा आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या उमेदवारांच्या दृष्टीने निवृत्ती दोन वर्षे लांबणे म्हणजे दोन वर्षांच्या जागा गोठणे. अर्थशास्त्रात या युक्तिवादाकडे संशयाने पाहिले जाते, कारण देशातील एकूण काम हा ठरावीक साठा नसतो आणि कमावणारे वृद्ध खर्चही करतात, त्यातून नवे काम निर्माण होते. हा आक्षेप सर्वसाधारण अर्थव्यवस्थेबाबत योग्य आहे. सरकारी नोकरीत मात्र मंजूर पदांची संख्या आधीच निश्चित असते; तेथे एक खुर्ची रिकामी झाल्याशिवाय दुसरा बसू शकत नाही, त्यामुळे उमेदवारांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, निवृत्तीमुळे रिकामी झालेली पदे वर्षानुवर्षे भरलीच न गेल्यास तरुणांना लाभ होत नाही आणि कार्यालयाचे काम मात्र अडते.

हा अंतर्विरोध २०२३ मध्ये उघड झाला. जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त पदांवर नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर, वयाच्या ७० वर्षांपर्यंत नेमण्याचा निर्णय शासनाने घेतला. ५८ व्या वर्षी ज्यांना शिकवण्यातून मुक्त केले त्यांनाच कमी पैशांत परत बोलावण्याचा हा मार्ग शिक्षक भरतीची वाट पाहणाऱ्या पात्रताधारकांना रुचला नाही आणि त्यावर टीका झाली.

इतर राज्यांचा अनुभव

वय ठरवताना तत्त्वापेक्षा तिजोरी आणि राजकारण यांचा वाटा मोठा असतो, हे अन्य राज्यांच्या उदाहरणांवरून दिसते. आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८३ च्या फेब्रुवारीत निवृत्तीचे वय ५८ वरून एकदम ५५ केले आणि हजारो कर्मचारी महिनाअखेरीस घरी गेले. तरुणांना संधी देणे हे कारण सांगितले गेले. १९८४ मध्ये ते पुन्हा ५८ करण्यात आले. के. नागराज विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये वय घटविण्याचा निर्णय मनमानी नसल्याचे ठरवून वैध मानला. पुढे त्याच राज्यात हे वय २०१४ मध्ये ६० आणि २०२२ मध्ये ६२ झाले.

तमिळनाडूने कोरोना साथीच्या काळात, मे २०२० मध्ये, वय ५८ वरून ५९ केले व पुढच्या वर्षी ६०. निवृत्ती पुढे ढकलली की उपदान, रजेचे रोखीकरण व अंशराशीकरण यांपोटी एकरकमी द्यावयाचे पैसेही पुढे ढकलले जातात, म्हणून अडचणीतील सरकारांना हा मार्ग सोयीचा वाटतो. केरळची स्थिती उलट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण देशात सर्वाधिक (सुमारे १२.६ टक्के) असलेल्या या राज्यात निवृत्तीचे वय २०१२ पर्यंत ५५ होते आणि ते ५६ करतानाही तरुणांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला.

स्त्रियांसाठी वेगळे वय

काही व्यवसायांत स्त्रियांना पुरुषांपेक्षा लवकर निवृत्त केले जाई. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियात हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे; व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीने ४५ पर्यंत मुदतवाढ मिळे. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गरोदरपणाची अट आणि संचालकाचा अनिर्बंध अधिकार रद्द केला. चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाने ग्राह्य धरली.

ज्यांना निवृत्ती नाही

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. ग्रामीण भागातील वृद्ध पुरुषांपैकी सुमारे ६६ टक्के व वृद्ध स्त्रियांपैकी २८ टक्के काम करीत होत्या. शहरी भागात हेच प्रमाण अनुक्रमे ४६ व ११ टक्के होते. गावातील तीन वृद्ध पुरुषांपैकी दोघे कामावर असतात, असा याचा अर्थ. स्वयंपाक, नातवंडांचा सांभाळ, गुरांची देखभाल ही स्त्रियांची कामे अशा मोजणीत बव्हंशी येत नसल्याने स्त्रियांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत निवृत्ती ही वाटणीशी जोडलेली असते. सातबारा मुलांच्या नावावर करून देणे म्हणजेच कामातून बाहेर पडणे, आणि त्याबरोबर घरातील शब्दही गमावणे, अशी भीती असल्याने अनेक वृद्ध शेवटपर्यंत जमीन स्वतःच्या नावावर ठेवतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ ने यावर काहीसा उपाय केला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. परंतु त्यासाठी पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जावे लागते.

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच्या केंद्रीय कायद्यानुसार लाभार्थी म्हणून नोंदणी १८ ते ६० या वयातच राहते. साठीनंतर मंडळाच्या दृष्टीने तो माणूस कामगार राहत नाही, पण मजुरांच्या नाक्यावर तो दिसतोच. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली येणाऱ्या खासगी क्षेत्रातील कामगारांना ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते; त्याची किमान रक्कम २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली. राज्य शासनाच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील निराधार व्यक्तींना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. एवढ्या रकमेवर काम सोडता येत नाही. औषधे व किराणा यांचा काही भार हलका होतो, इतकेच. डी. एस. नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निवृत्तिवेतन ही दयेची देणगी नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क असल्याचे म्हटले. तो हक्क सरकारी सेवेपुरता होता. आयुष्यभर शेतात राबलेल्याच्या सेवेची नोंद कोणत्याच सेवापुस्तकात नसते.

निवृत्तीनंतरचे कार्य

निवृत्तीनंतर उभ्या राहिलेल्या मोठ्या कामांची उदाहरणे महाराष्ट्राला परिचित आहेत. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीचे मंडळ त्यांनी १९३६ मध्ये काढले तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. ई. श्रीधरन रेल्वेतून १९९० मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. कोकण रेल्वेची उभारणी त्यानंतरची आहे. नानाजी देशमुख यांनी उलट दिशेने उदाहरण घालून दिले. राजकारण्यांनी साठीनंतर सत्तेपासून दूर व्हावे, असे म्हणत ते स्वतः १९७८ च्या सुमारास सक्रिय राजकारणातून बाहेर पडले आणि गोंडा व चित्रकूट येथील ग्रामविकासाकडे वळले.

निवृत्तीचे वय वाढवण्याच्या बाजूने अशी नावे नेहमी घेतली जातात. त्यांत एक गोष्ट निसटते: कर्वे आणि श्रीधरन यांची पुढची कामे पहिली नोकरी संपल्यामुळेच शक्य झाली.

इतर देश

अमेरिकेत १९६७ चा वयभेदविरोधी कायदा व त्यातील १९८६ ची दुरुस्ती यांमुळे बहुतेक नोकऱ्यांत केवळ वयामुळे निवृत्त करता येत नाही. ब्रिटनने ६५ व्या वर्षी सक्तीने निवृत्त करण्याची तरतूद २०११ मध्ये काढून टाकली. फ्रान्समध्ये निवृत्तिवेतनाचे किमान वय ६२ वरून ६४ करण्याच्या २०२३ च्या कायद्याविरुद्ध देशभर निदर्शने झाली. चीनने २०२५ पासून पुरुषांचे निवृत्तिवय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६३ करण्यास सुरुवात केली आहे.