नदीकाठचा बेवड

नदीकाठची जमीन गाळामुळं सुपीक, असं आपण शाळेत पाठ केलं. ते अर्धंच खरं. पूर गाळ आणतो, ओल धरतो, पण दगडातून नत्र येत नाही, आणि आपल्या दख्खनच्या मातीत ते आधीच कमी. तरी भीमेच्या खोऱ्यात नदीकाठांवर हजारो वर्षं शेती होत आली. कशाच्या जिवावर?

शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे. घोडही आपल्या मुळा-मुठेसारखी भीमेलाच मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. वस्ती इसवीसनपूर्व १६०० ते ७०० च्या आसपासची. जळून कोळसा झालेल्या धान्यात जव मुख्य, आणि त्याच्या जोडीला मसूर, वाटाणा, लाख, कुळीथ. सगळी कडधान्यं!

कडधान्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात. ताजी गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे समजा. हे शास्त्र हेलरीगल आणि विलफार्थ या जर्मनांनी १८८६ मध्ये मांडलं. आपल्या शेतकऱ्याकडं प्रयोगशाळा नव्हती, पण शब्द होता: बेवड. आधीच्या पिकानं रानात मागं ठेवलेला गुण. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे आजही कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. (फक्त हरभरा मुळासकट उपटून नेऊ नका, विळ्यानं कापा. गाठी रानातच राहू द्या.)

पवनाकाठच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये छापला. १७७१ साली तिथं सरासरी जमीन ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ७. एवढ्या तुकड्यात रान पडीक ठेवून विसावा देणं कुणाला परवडणार? अशा वेळी बाजरीत तुरीचे पाटे धरायचे, तेच जमिनीचं खत.

त्या पिंपळे सौदागरात आज टॉवर आहेत. मांजरी-थेऊरकडं अजून मळईची रानं आहेत, पण उसामागून ऊस आणि वर युरिया. दोन उसांच्या मध्ये सहा-सात आठवडे काढून ताग गाडणारे कमीच.

शहरात नदीकाठ सुधारण्यावरून वाद चालूच आहे. झाडं, पूररेषा, खर्च, सगळ्यावर बोललं जातं. मातीवर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. महापालिकेनं भराव टाकण्याआधी वरची फूटभर माती काढून बाजूला ठेवावी आणि ती कुठं गेली हे जाहीर करावं. आपल्या नगरसेवकाला एवढं तरी विचारा.