हातापायाचा इसब पुन्हा पुन्हा का उठतो? जागा बघा, कारण सापडेल

मलम लावलं की आठवडाभर बरं वाटतं, बंद केलं की पुन्हा खाज, पाणी आणि भेगा. इसब म्हणजेच एक्झिमा असलेल्या अनेकांची हीच तक्रार असते. ज्या वस्तूमुळे कातडी चिडते, तिच्याशी रोजचा संबंध सुटत नाही, म्हणून तो परत उठतो. इसब कुठे उठलाय हे नीट बघितलं तर ती वस्तू बऱ्याचदा सापडते. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे घरात वेगळं बसवायची गरज नाही.

बोटांच्या बेचक्यात, अंगठीखाली : भांडी, धुणं, गोठ्याची साफसफाई. साबण-सोडा अंगठीखाली अडकून राहतो. काम करताना अंगठी काढून ठेवा.

डाव्या हाताच्या बोटांची टोकं : उजव्या हाताने चिरणारे लसूण-कांदा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत धरतात. तिथेच कातडी कोरडी पडून चिरते.

हाताची मागची बाजू, मनगट, पावलं : गवंडीकाम करणाऱ्यांनी सिमेंटचा संशय धरावा. त्यातल्या क्रोमियमची अॅलर्जी होते. ओलं सिमेंट लागलं की लगेच पाण्याने धुवा. बुटात शिरलं असेल तर बूट तसाच घालून काम करू नका.

हातांसोबत मान, चेहरा, कोपराची घडी : गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. 1950 च्या दशकात पुणे परिसरात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. वाळलेल्या गवताचा भुगा उडून अंगावर बसला तरी त्रास होतो. ते उघड्या हातांनी उपटू नका, जाळूही नका.

पावलावर पट्ट्याच्या आकाराचा डाग : रबरी चपलेचं किंवा चामडं कमावताना वापरलेल्या रसायनाचं कारण असू शकतं. चप्पल बदलून बघा. जोडव्याखाली उठत असेल तर जर्मन सिल्व्हरमधलं निकेल बाधत असेल.

तळहात-तळपायावर बारीक, खोल पाण्याचे फोड : घाम, उष्मा आणि मनावरचा ताण यांनी हा प्रकार वाढतो.

सगळंच इसब नसतं

बोटांच्या बेचक्यात रात्री जास्त खाज आणि घरातल्या इतरांनाही तोच त्रास, तर खरूज असू शकते. गोल, कडेने वाढत जाणारा चट्टा बहुधा गजकर्ण असतो. पायाच्या बोटांत पांढरी, ओली कातडी म्हणजे चिखल्या. या तिन्हींचं औषध वेगळं आहे. दुकानातून विचारून आणलेल्या मलमात स्टेरॉइड असेल तर गजकर्ण वरून दबतं आणि आतून पसरतं.

भेगांवर बिब्बा लावण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. चुना, लिंबू, बॅटरीचं पाणी हेही लावू नका.

रोज काय करायचं?

कोमट किंवा साध्या पाण्याने हात धुवा, नीट टिपा आणि लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. रात्री झोपताना पुन्हा लावा. ओल्या कामाला रबरी हातमोजे वापरा, आत सुती मोजे घाला. मोजे आतून ओले झाले की बदला, नाहीतर घामानेच त्रास वाढतो. फवारणीचं औषध किंवा खत हाताला लागलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबू नका, लगेच धुवा.

डॉक्टरांकडे कधी?

दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पू, सूज, ताप असेल, किंवा साखरेचा आजार असून पायाला भेग पडली असेल तर त्याच दिवशी जा. जाताना वापरातलं मलम, साबणाचं वेष्टन आणि चप्पल सोबत न्या. कारण कळत नसेल तर पॅच टेस्ट होते : पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून कोणत्या जागी कातडी लाल होते ते बघतात. नेमकी वस्तू कळली की ती टाळता येते आणि मलमही कमी लागतं.